ब्रिटिश पुरातत्त्ववेत्त्यांच्या घराण्यांचा मागोवा कसा घ्यावा

एखाद्या ब्रिटिश पुरातत्त्ववेत्त्याच्या कुळाचा शोध घेताना आधी त्याचे जन्मनाव निश्चित करावे. जनरल पिट-रिव्हर्स १८२७ साली जन्मले तेव्हा त्यांचे आडनाव लेन फॉक्स होते. १८८० मध्ये क्रॅनबोर्न चेसची मोठी जहागीर वारशाने मिळाली, तेव्हा मृत्युपत्रातील अटीनुसार त्यांनी नवे आडनाव घेतले. त्याआधीचे सारे कागद जुन्या नावाखालीच सापडतात. जन्मस्थळही गृहीत धरू नये: हॉवर्ड कार्टर यांचे बालपण नॉरफोकमधील स्वॉफम येथे आत्यांकडे गेले, पण त्यांचा जन्म लंडनच्या केन्सिंग्टनमधला आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, तर स्कॉटलंडमध्ये ती १८५५ पासून. त्यापूर्वीसाठी चर्चच्या नोंदवह्या पाहाव्यात. ग्लासगोत जन्मलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांची जन्मनोंद म्हणूनच स्कॉटलंडच्या दप्तरात शोधावी. १८४१ च्या जनगणनेत प्रौढांची वये सहसा पाचाच्या खालच्या पटीत आणून लिहिलेली असल्याने त्यांवर विसंबू नये. १८५१ पासून मात्र कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मस्थळ दोन्ही मिळतात. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची पत्रके आगीत नष्ट झाली आणि १९४१ साली युद्धामुळे जनगणनाच झाली नाही.

यानंतर आजोळाकडे वळावे. हा टप्पा अनेकजण टाळतात आणि तिथेच चरित्र अपुरे राहते, असे माझे ठाम मत आहे. विल्यम मॅथ्यू फ्लिंडर्स पेट्री या पूर्ण नावातच आईच्या वडिलांचे नाव आहे: ऑस्ट्रेलियाला सागरी प्रदक्षिणा घालून किनारा नकाशावर आणणारे कॅप्टन मॅथ्यू फ्लिंडर्स. ते १८१४ मध्ये वारले, तेव्हा पेट्री यांची आई ॲन जेमतेम दोन वर्षांची होती. म्हणजे नातवाला आजोबा भेटले ते केवळ घरातल्या आठवणींतून. मोजणीचे बाळकडू मात्र प्रत्यक्ष वडिलांनी दिले. अभियंता असलेल्या विल्यम पेट्री यांनी मुलासोबत स्टोनहेंजची मोजणी केली, आणि १८८० च्या अखेरीस गिझाच्या पिरॅमिडांपाशी पोहोचलेला तरुण तीच शिस्त घेऊन गेला होता.

पैशाचा उगम पाहण्यासाठी १८५८ नंतरच्या मृत्युपत्रांची सूची तपासावी. आर्थर एव्हान्स यांचे वडील जॉन हे कागद गिरणीचे मालक आणि स्वतः नामवंत पुराणवस्तुसंशोधक होते. आर्थर यांनी क्रीट बेटावरील क्नोसोस या प्राचीन स्थळी केलेल्या उत्खननामागचे आर्थिक बळ आणि ओढ, दोन्हींची मुळे त्या घरात दिसतात. उलट प्राण्यांची चित्रे काढणाऱ्याचे पुत्र कार्टर वयाच्या सतराव्या वर्षी इजिप्तला गेले ते चित्रकलेच्या जोरावर.

शेवटी भावंडांच्या नोंदी अवश्य पाहाव्यात. डोरोथी गॅरड यांचे तिन्ही भाऊ पहिल्या महायुद्धात आणि त्यापाठोपाठच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. ही नोंद हाती असली, की नामवंत वैद्य आर्चिबाल्ड गॅरड यांच्या घरात उरलेल्या या एकुलत्या अपत्याने १९३९ मध्ये केंब्रिजची पहिली स्त्री प्राध्यापक होण्यापर्यंत केलेली वाटचाल वेगळ्या नजरेने वाचता येते.