जंगलालगतच्या गावात नेमणूक झाली असेल तर वणव्याचं हे कलम आधी वाचा

मी गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसेवक आहे. इकडे नव्याने रुजू होणाऱ्या ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक अशा बहुतेकांचा समज असतो की वणवा विझवणं हे वनखात्याचं काम. तसं नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 चं कलम 79 काढून वाचा. राखीव किंवा संरक्षित जंगलाला लागून असलेल्या गावात जो सरकारी नोकरीत आहे, किंवा गावाच्या सेवेसाठी सरकारकडून मानधन घेतो, त्याच्यावर ते थेट जबाबदारी टाकतं. पोलीस पाटीलही त्यात आले. जंगलात आग लागल्याचं कळलं की ती विझवायला लगेच हालचाल करायची, आसपासची आग जंगलात शिरू द्यायची नाही आणि वनगुन्ह्याची खबर जवळच्या वन किंवा पोलीस अधिकाऱ्याला विनाविलंब द्यायची. वन अधिकाऱ्याने बोलावलेलं असो वा नसो. ‘मला कुणी बोलावलं नाही’ ही सबब चालत नाही. कसूर केली तर शिक्षेची तरतूद त्याच कलमात आहे.

पण खरं काम आग लागण्याआधीचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात. पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात आणि निघून जातात. वारा सुटला की तीच आग डोंगरभर पसरते. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही काही ठिकाणी आग लावतात. आपल्याकडे वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात, त्यामुळे 26 जानेवारीच्या ग्रामसभेतच हा विषय घ्या. तिथे याच अधिनियमाचं कलम 26 वाचून दाखवा. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने राखीव जंगल पेटलं, तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ थांबवू शकतं. दंडापेक्षा लोकांना हे जास्त लागतं, कारण मोह म्हणजे घरातला पैसा. पाला झाडूने बाजूला सारून झाडाखाली जुन्या साड्या अंथरायचा ठराव करून घ्या. वेचणाऱ्या बायकांना आधी विचारा. फुलं स्वच्छ मिळतात हे त्याच इतरांना पटवतात.

वनरक्षक आणि वनपालाचा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहावरून आगीचे एसएमएस येतात, त्यासाठी नाव नोंदवाच. तरी त्यावर विसंबू नका. उपग्रह आपल्या वेळेला डोक्यावरून जातो, गुराख्याचा फोन त्याच्या कितीतरी आधी येतो. खबर देताना कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या त्या तुकड्याला दिलेला नंबर) सांगता आला तर वनखात्याची माणसं नेमकी पोचतात.

आगीवर जाताना सुती कपडे, पायात बूट, सोबत पाणी. ओल्या डहाळ्यांनी आगीची कड झोडपत कडेकडेने पुढे सरकायचं, ज्वाळांच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. पुढचा पाला ओढून जमिनीची मोकळी पट्टी काढली की आग तिथे अडते. उलट बाजूने आग लावून वणवा अडवायचं काम मात्र वनकर्मचाऱ्यांवर सोडा. आग विझली तरी पडलेले ओंडके आतून धुमसत राहतात आणि दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेट घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं घेऊन ते बघून या, आणि खबर कुणाला, किती वाजता दिली हे त्याच दिवशी दैनंदिनीत लिहा.