बेदाण्याच्या शीतगृहावर सोलर बसवायचं असेल तर

सांगली-तासगाव पट्ट्यात मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम करतो आणि हल्ली माझा बराचसा वेळ शीतगृहांच्या छपरांवर जातो. इथे सोलरची मागणी रास्तच आहे. बेदाणा फेब्रुवारीपासून उतरायला लागतो, मार्च ते मे चेंबर भरत जातात, कोमट माल चार-पाच अंशांवर आणताना कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, आणि कडक ऊनही नेमकं त्याच महिन्यांत असतं. भार आणि ऊन असं जुळून येणाऱ्या व्यापारी इमारती फार नाहीत. पण बहुतेक मालकांचा पहिला प्रश्न असतो, "आमच्या छपरावर किती किलोवॅट मावेल?" तिथून सुरुवात करू नका. आधी बिल, मग छप्पर, मग तुमचा मेन पॅनेलबोर्ड, आणि सोलरचं पॅनेल सगळ्यांत शेवटी.

मागच्या बारा महिन्यांची महावितरणची बिलं टेबलावर मांडा. पहिल्यांदा वर्गवारी बघा. शेतमालाच्या शीतगृहाला 'कृषी – इतर' ही वर्गवारी आहे आणि तिचा दर दुकान-ऑफिसच्या व्यापारी दरापेक्षा कमी असतो. म्हणजे तुमच्या भावाच्या कपड्याच्या शोरूमला जो प्रकल्प अमुक वर्षांत फिटला, तो तुम्हाला तेवढ्याच वर्षांत फिटणार नाही. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये वाचणाऱ्या युनिटला कुठला दर लावलाय, तो तुमच्या बिलाशी ताडून बघा. दुसरं, स्थिर आकार किंवा डिमांडचा आकार सोलरने जात नाही. कॉम्प्रेसर रात्रीही चालतो, ढगाळ दिवशीही चालतो, त्यामुळे तुमची कमाल मागणी जवळपास तशीच राहते. बचत मोजायची ती फक्त युनिटची.

आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाकाठी साधारण १४०० ते १५०० युनिट देतो, म्हणजे सरासरी दिवसाला चार. १०० किलोवॅट बसवले तर महिन्याला सरासरी १२ हजार युनिट धरा. पावसाळ्यात त्याहून बरेच कमी, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. नेट मीटरिंगमध्ये (ग्रीडला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा करण्याच्या पद्धतीत) जादा युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात, पण हिशेब आर्थिक वर्षाचा असतो. ३१ मार्चला जे शिल्लक राहतील त्यांना तुमच्या खरेदीदरापेक्षा बराच कमी मोबदला मिळतो. आता हे बेदाण्याच्या वर्षाला लावून बघा. दिवाळीपर्यंत बराच माल निघून जातो, नोव्हेंबर ते जानेवारी भार हलका असतो, तेव्हा युनिट साठतात. ते फेब्रुवारी-मार्चच्या भरतीत वापरले गेले तर उत्तम. पण एप्रिल-मेच्या मोठ्या बिलाला मागच्या वर्षातलं काहीच मिळत नाही, कारण १ एप्रिलला पाटी कोरी होते. म्हणून मी क्षमता उन्हाळ्यातल्या सर्वोच्च बिलावर ठरवत नाही. हिवाळ्यात साठलेले युनिट मार्चअखेर संपतील का, एवढं बघतो. नेट मीटरिंगला मंजूर भाराची मर्यादा असतेच. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा) असेल तर दिवसा साठलेला युनिट संध्याकाळच्या महाग युनिटच्या बदल्यात सरसकट वजा होईल असं गृहीत धरू नका.

अनुदानाबद्दल रोज विचारणा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. शीतगृह, दुकान, कारखाना त्यात बसत नाही. धंद्याला फायदा मिळतो तो आयकरात, ४० टक्के घसाऱ्याचा. मात्र त्या वर्षात संच १८० दिवसांपेक्षा कमी वापरला गेला तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा मिळतो. त्यामुळे प्रकल्प ऑक्टोबर उजाडायच्या आत चालू होणं बरं. तुमच्या सीएंना आधीच गाठा.

आता छप्पर. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा, आणि सगळ्यांत कमी वेळ इथेच दिला जातो. आपली बहुतेक शीतगृहं म्हणजे लोखंडी कैच्यांवर पत्रा आणि त्याखाली पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) इन्सुलेशन. साध्या गोदामात पत्रा गळला तर दुसऱ्या दिवशी फरशीवर पाणी दिसतं. शीतगृहात ते पफमध्ये मुरतं, इन्सुलेशन निकामी करतं, आणि कळतं तेव्हा चेंबरच्या छताला बुरशी धरलेली असते. खाली लोकांचा माल ठेवलेला असतो. म्हणून प्रत्येक स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, खालच्या पर्लिनमध्ये (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडी पट्टीत) शिरणारा आणि रबरी वॉशरचा हवा. खोलगट भागात पाणी वाहतं, तिथे भोक पाडू देऊ नका. नुसत्या पत्र्याला धरलेला क्लॅम्प मला चालत नाही. फक्त सीम उभी असलेल्या (म्हणजे जोड वर दुमडून उभे केलेल्या) पत्र्याला भोक न पाडता पकडणारे खास क्लॅम्प मिळतात, ते असतील तर सोन्याहून पिवळं.

पत्रा पंधरा-वीस वर्षांचा असेल तर आधी पत्रा बदला. पॅनेल पंचवीस वर्षं टिकायची असतात. मधेच सगळं उतरवून पत्रा बदलायचा खर्च दुप्पट बसतो. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पॅनेल नकोच, माणूसही चढवू नका. तो वरून धड दिसतो आणि पायाखाली फुटतो. कुठल्याही पत्र्यावर काम करणाऱ्याला हार्नेस आणि पक्की लाइफलाइन दिल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. मालकांनीही हे करारात लिहून घ्यावं, कारण पडणारा माणूस तुमच्या छपरावरून पडत असतो.

वजन आणि वारा यांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. ५५० वॉटची १८२ पॅनेल म्हणजे १०० किलोवॅट. एकाचं वजन २८ किलोच्या आसपास, म्हणजे नुसती पॅनेलच पाच टनांवर जातात, रेल वेगळे. वजन पसरलेलं असतं, त्यामुळे चांगल्या कैच्या ते सहज पेलतात. खरा धोका वाऱ्याचा. आपल्याकडचा वळीव बघितलेल्याला ते सांगायला नको. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबईला ४४ मीटर. छपराच्या कडेला आणि कोपऱ्यात वारा सगळ्यांत जोरात वर उचलतो, म्हणून कडेची पट्टी मोकळी सोडा. सर्टिफिकेटवर तुमच्या कैच्यांची मापं आहेत का बघा. सगळ्यांना एकच मजकूर देणारा कागद काही कामाचा नाही.

दिशेचा बाऊ करू नका. दक्षिण उतार उत्तम, पण आपल्या अक्षांशावर कमी उताराच्या शेडवर पूर्व-पश्चिम पॅनेलही चांगली चालतात, आणि वीज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पसरून मिळते, जी कॉम्प्रेसरला सोयीची असते. फक्त दोन उतारांच्या स्ट्रिंग, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पॅनेलच्या ओळी, इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्राच्या) एकाच इनपुटवर (एमपीपीटी) जोडू नयेत. सावली मात्र डिसेंबरच्या सकाळी नऊ वाजता स्वतः वर जाऊन बघा. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सांगलीत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या पाण्याच्या टाकीचीही सावली मोजावी लागते. शीतगृहाचा कंडेन्सर छपरावर असेल तर त्याच्या तुषारांपासून पॅनेल लांब ठेवा. ते पाणी सुकून काचेवर क्षाराचा थर बसतो आणि तो पुसून निघत नाही.

पॅनेल आणि पत्रा यांच्यात चार बोटं तरी हवा खेळू द्या. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ टक्का वीज घटते. तापलेल्या पत्र्यावर पॅनेल ६५ अंशांपर्यंत गेलं तर १४ टक्के गेलेच. पॅनेलची सावली पत्र्यावर पडल्याने चेंबरवरची उष्णताही कमी होते, हा शीतगृहाचा वेगळा लाभ.

आता असा भाग जो कोटेशनमध्ये क्वचित असतो: पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या एकूण केव्हीएपैकी खरं काम करणाऱ्या किलोवॅटचा वाटा. समजा तुमचा भार ६० किलोवॅट आहे आणि मोटारींमुळे ३० केव्हीएआर (मोटारीचं चुंबकत्व टिकवणारी, प्रत्यक्ष काम न करणारी रिॲक्टिव्ह पॉवर) लागतं. ग्रीडवर तुमचा भार ६७ केव्हीए (दोन्ही मिळून; साधी बेरीज नाही, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ). आता सोलरने ४५ किलोवॅट दिले. ग्रीडकडून घ्यायचे राहिले १५ किलोवॅट, पण ३० केव्हीएआर तसेच राहिले. पॉवर फॅक्टर ०.९ वरून ०.४५ वर आला आणि केव्हीए झाले ३३.५. बिल केव्हीएएचवर (केव्हीए गुणिले तास) असेल तर ४५ ची वीज तयार करून तुमचं बिल ३३.५ नेच कमी झालं. इन्व्हर्टर उत्तम, पॅनेल उत्तम, ऊन भरपूर, तरी बचत येत नाही म्हणून मालक हैराण होतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. उपाय सोपा आहे. एपीएफसी पॅनेलचा (कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पॅनेलचा) सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, सोलर जोडल्या जागेच्या ग्रीडकडच्या बाजूला, मेन इनकमरवर हवा. कपॅसिटर पुरेसे आणि छोट्या टप्प्यांचे हवेत. जुने फुगलेले कपॅसिटर बदलायला हवेत. बरेच इन्व्हर्टर स्वतःही रिॲक्टिव्ह पॉवर देऊ शकतात, ते सेटिंग इंजिनिअरसमोर बसून करून घ्या. हे काम सोलर सुरू व्हायच्या आधी व्हावं, पहिलं बिल आल्यावर नाही.

जनरेटरचंही तसंच. लाइट गेली की ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तो बंद पडलाच पाहिजे. डीजी (डिझेल जनरेटर) सुरू झाल्यावर सोलर त्याच्याशी जोडायचं असेल तर कंट्रोलर लागतो, जो डीजीवर किमान ३० टक्के भार ठेवतो आणि उलटी वीज डीजीत जाऊ देत नाही. कंट्रोलर नसेल तर डीजी चालू असताना सोलर वेगळं राहील असा इंटरलॉक बसवा.

सामान घेताना मी आग्रह धरतो तो असा. पॅनेल सरकारच्या एएलएमएम (मान्यताप्राप्त मॉडेल आणि उत्पादकांच्या) यादीतलं. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड आणि जागेवर वेल्डिंग नाही, कारण वेल्डिंगने जस्त जळतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या. वेगवेगळे जोडले की सांधा तापतो आणि छपरावरच्या आगी तिथून लागतात. डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टर (पडणारी वीज जमिनीत नेणारा) यांचं अर्थिंग वेगळं, आणि त्याचं मोजमाप मेमध्ये, काळी माती भेगाळलेली असताना. पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग छान येतं आणि फसवतं. डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडायचा स्विच) कुठे आहे याची पाटी खाली दारापाशी लावा. उजेड असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असते, हे अग्निशमनवाल्यांना कळलं पाहिजे.

कागदपत्रांत अवघड काही नाही: महावितरणच्या पोर्टलवर अर्ज, तांत्रिक तपासणी, करार, मीटरची चाचणी, क्षमतेप्रमाणे विद्युत निरीक्षकांची मंजुरी. इमारत भाड्याची किंवा भागीदारीतली असेल तर छपराच्या हक्काचा कागद सगळ्यांत आधी.

राहिली धुलाई. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांची काजळी आणि जाळलेल्या पाल्याची राख पॅनेलवर बसते, तेव्हा दर पंधरवड्याला धुवा. पावसाळ्यात गरज पडत नाही. सूर्य वर यायच्या आत, मऊ ब्रशने, आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याने नको. पत्र्यावर चालायची जाळीची वाट डिझाइनमध्येच धरा, नाहीतर धुणारा पॅनेलच्या चौकटीवर पाय देतो आणि काचेखालच्या पेशी तडकतात. रोजचं उत्पादन इन्व्हर्टरच्या ॲपवर दिसतं. शेजारच्या दोन स्ट्रिंगमध्ये फरक दिसला तर त्याच दिवशी माणूस वर पाठवा.