बाहेर बर्फ, कॅमेरा खिडकीपाशी

शिकागो-टोरांटोकडच्या हिवाळ्यात बर्फ थांबायचं नाव घेत नाही आणि कॅमेरा बॅगेतच पडून राहतो. अशा वेळी निसर्ग घरातच शोधा: कुंडीतलं पान, डाळिंब, लाल कोबीचा उभा काप. ढगाळ आभाळाचा मऊ उजेड क्लोजअपला कडक उन्हापेक्षा कितीतरी चांगला.

१. खोलीतले दिवे बंद करा. बल्बचा पिवळा आणि बाहेरचा निळसर उजेड मिसळला की रंग बिघडतात.
२. उजेड एका बाजूने येईल अशी वस्तू ठेवा. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करा, सावली उजळते.
३. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा किंवा मोबाइल पुस्तकांना टेकवा. २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना हलणार नाही.

मला सगळ्यात आवडतो तो काचेचा प्रकार. संत्र्याची पातळ चकती ओलसर असते, खिडकीच्या काचेला अलगद चिकटते. मागून उजेड आला की फाकेतला एकेक रसाळ दाणा वेगळा दिसतो. एक्सपोजर (फोटो किती उजळ यावा ते) +१ ठेवा, नाहीतर चकती काळवंडते.

मध्येच बाहेर जाऊन फोटो काढलेच, तर गार कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून आत आणा. खोलीइतका कोमट झाल्याशिवाय पिशवी उघडू नका, लेन्सवर बाष्प धरतं.