टाकीच्या बाजूने

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण दगडाच्या बाजूची आहे. घाव घालताना टाकीचं काय होतं, ते कुणी विचारत नाही. माझी पीएचडी त्या टाकीवर होती, म्हणजे खडक कापणारी हत्यारं किती आणि का झिजतात यावर. त्यातून मी भूजलात कशी ओढली गेले आणि शेवटी पेपरवर कुणाचं नाव घालायचं यावर कशी अडले, ते अशा मिश्र विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय.

सुरुवात सर्चार चाचणीपासून. फ्रान्समधल्या कोळसा संशोधन केंद्रात निघालेली ही पद्धत दिसायला अगदी पोरखेळ आहे. 90 अंशांच्या टोकाची पोलादी सुई 7 किलो वजनाखाली खडकावर 10 मिलिमीटर ओढायची आणि टोक किती बोथट झालं ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. बोथट भागाचा व्यास 0.1 मिलिमीटर भरला तर झिजेचा निर्देशांक 1; आकडा जितका मोठा, तितका खडक हत्यार जास्त झिजवणारा. अशा पाच ओरखड्यांची सरासरी. पहिले दोन महिने मी सुई वरून बघून मोजत होते. वरून बघितलं की टोकाच्या कडेला लोंबणारी धातूची कोरही मापात येते आणि आकडा फुगतो. सुई आडवी धरून बाजूने मोजा. ही एवढी गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर दोन महिन्यांचं काम फुकट गेलं नसतं.

माझे नमुने वालुकाश्माचे होते, बोगद्याच्या आखणीसाठी घेतलेल्या खोल छिद्रांमधले कोअर, म्हणजे छिद्रातून काढलेले खडकाचे लांब गोल तुकडे. आलेख काढला आणि मी हरखले. जसजसं खोल जावं तसतसा निर्देशांक कमी, आणि साधारण 40 मीटरखाली तर एकदम घसरण. वालुकाश्मात पाणी मुरलं की दाण्यांना धरून ठेवणारं सिमेंट, विशेषतः त्यात चिकणमाती असेल तर, ढिलं पडतं आणि खडकाची ताकद उतरते हे मी वाचलेलं होतं. म्हणजे 40 मीटरवर भूजलाची पातळी असणार आणि त्याखालचा खडक ओला, म्हणून मऊ. पेपरचं शीर्षकसुद्धा डोक्यात तयार!

भूजलावर काम करणाऱ्या एका सिनियरला आलेख दाखवला. त्याने आधी विचारलं, "पातळी कुठे आहे ते पाहिलंस का?" पाहिलं नव्हतं. पिझोमीटरच्या, म्हणजे भूजलाची पातळी मोजायच्या नळीच्या, नोंदींत ती 18 मीटरच्या आसपास होती. मग तो हसून म्हणाला, "आणि कोअर ओला असतोच गं. छिद्र पाडताना पाणी सोडतात ना." खरंच की. ड्रिलिंगच्या पाण्याने कोरड्या थरातला कोअरही भिजून वर येतो. खाली काय होतं हे त्याच्या ओलेपणावरून कळत नाही. छिद्र पाडल्यावर लगेच मोजलेली पाण्याची पातळीही तशीच फसवी; ती स्थिरावू द्यावी लागते.

मग 40 मीटरला झालं काय? उत्तर प्रयोगशाळेच्या वहीत होतं. सुया घासून देणारे आणि निम्म्याहून जास्त ओरखडे स्वतः ओढणारे आमचे तंत्रज्ञ काका प्रत्येक नमुन्यापुढे काहीतरी खरडत असत. वरच्या खोलीच्या नमुन्यांपुढे 'सुका'. खोलवरच्यांपुढे 'ओला, पेटी आजच उघडली'. छिद्र वरून खाली पाडत जातात, त्यामुळे खोल भागाच्या पेट्या सगळ्यांत शेवटी आल्या होत्या, प्लास्टिकच्या गुंडाळीसकट. वरच्या पेट्या तोवर कित्येक आठवडे फडताळात वाळल्या होत्या. माझा सुंदर आलेख खोलीचा नव्हता, भूजलाचाही नव्हता. तो फडताळाचा होता.

सगळं परत केलं. प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा 105 अंशांवर भट्टीत वाळवून, दुसरा पाण्याने संपृक्त करून. ओल्याचा निर्देशांक कमीच आला. पण इथे नव्या माणसाने घाई करू नये. प्रयोगशाळेत आकडा उतरला म्हणजे बोगद्यात हत्यार जास्त टिकेल असं नाही. चिकणमाती आणि पाणी यांचा चिखल बोगदा खोदणाऱ्या यंत्राच्या खडक कापणाऱ्या चकतीभोवती बसला की चकती फिरायची थांबते, एकाच बाजूने घासली जाते आणि चपटी होऊन बाद होते. तिथे सुईचा ओरखडा काही सांगत नाही.

मग पेपर, आणि नावांचा प्रश्न. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे लागतात, आमच्याकडे कामाच्या वाट्यानुसार आणि गाईड शेवटी. दोन विषयांची माणसं एकत्र आली की प्रत्येकाला आपलीच रीत जगाची रीत वाटते. शिवाय ज्यांच्या विभागाचं यंत्र वापरलं, त्यांनी आपलं नाव गृहीत धरलेलं होतं. गाईडबाईंनी एकच विचारलं, "उद्या हा निष्कर्ष चुकीचा निघाला तर ते उत्तर देणार का?" नाव आभारात गेलं. नाराजी वर्षभर पुरली.

भूजलाच्या इतिहासात याच्या अगदी उलटं घडलेलं आहे. पाणी उपसताना विहिरीभोवतीची पातळी काळानुसार कशी उतरते याचं भूजलतज्ज्ञ थाइसचं सूत्र 1935 सालचं. उष्णतेच्या वहनाशी त्याचं साम्य थाइसला दिसलं, पण गणित सोडवायला मदत केली क्लॅरन्स ल्युबिन या गणितज्ञाने. थाइसने त्याला सहलेखक व्हायला सांगितलं. ल्युबिनने नाही म्हटलं, कारण गणिताच्या दृष्टीने त्यात त्याला फारसं काही वाटलं नाही. आज जगभर पंपिंग टेस्ट, म्हणजे विहीर उपसून भूजलाची चाचणी, करणारे थाइसचं नाव घेतात.

माझी चूक मात्र काकांच्या बाबतीत झाली. सिनियरला सहलेखक केलं, काकांना आभारात टाकलं. कारण काय, तर त्यांनी लिखाणात भाग घेतला नव्हता. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, अंतिम मंजुरी आणि जबाबदारी. ते मी पाठ केले होते. त्यांच्याच खाली लिहिलेलं नीट वाचलं नव्हतं: ज्याने पहिला निकष पुरा केला त्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी द्यायला हवी, संधीच न देता 'निकष पुरे झाले नाहीत' म्हणून बाहेर ठेवायचं नाही. मी काकांना मसुदा दाखवलाच नव्हता.

आता काम सुरू होतानाच वहीच्या पहिल्या पानावर कोण काय करणार ते लिहिते. संशोधनात कुणी कोणतं काम केलं हे नोंदवायची चौदा भूमिकांची 'क्रेडिट' (CRediT) यादी त्याला बरी पडते, आणि काम बदललं की पानही बदलतं.

पुढच्या पेपरचा मसुदा काकांना दिला. दोन दिवसांनी तीन दुरुस्त्या आल्या. सुईचा कडकपणा मी रॉकवेल 45 लिहिला होता, तो 55 हवा होता. एका तक्त्यात ओले आणि सुके रकाने उलटे पडले होते. आणि त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग.