ब्रिटनीला जाताना

कोथरूडहून फ्रान्सच्या ब्रिटनीला निघालात तर पॅरिसात रेंगाळू नका. मोंपार्नास स्टेशनवरून थेट ब्रिटनीतल्या कँपेर शहराची गाडी पकडा. ब्रेटन ही केल्टिक भाषा पश्चिमेकडेच ऐकू येते. भेटताना 'देमात', निघताना 'केनावो' म्हणा. बाजारातल्या एका आजींना मी 'त्रुगारेझ', म्हणजे धन्यवाद, म्हटलं, तर हात धरून त्यांनी तो उच्चार नीट शिकवला! जेवायला गालेत घ्या, कुट्टूच्या पिठाचं घावनच ते. पण 'कोंप्लेत' या प्रकारच्या गालेतमध्ये हॅम असतं, शाकाहारी असाल तर आधी सांगा. रात्री कुठे फेस्त-नोज, म्हणजे ब्रेटन सामूहिक नाचाचा जलसा, असेल तर नुसतं बघत बसू नका, करंगळीत करंगळी अडकवून साखळीत शिरा. २०१२पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. सँ-मालो या किनाऱ्यावरच्या शहरात भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच वाळूत उतरा. पाण्याच्या पातळीत १२ मीटरहूनही जास्त फरक पडू शकतो.