मॉन्टेसरी बालवाडी निवडण्याआधी जळगाव-धुळ्यातील पालकांनी करावयाची तयारी

‘मॉन्टेसरी’ ही मुलाला ठरावीक साहित्य हाताळत स्वतःच्या गतीने शिकू देणारी बालशिक्षणाची पद्धत आहे, पण हे नाव कोणत्याही एका संस्थेच्या मालकीचे नसल्यामुळे ते कोणालाही फलकावर रंगवता येते. म्हणून प्रवेश अर्ज घेण्यापूर्वी वर्ग भरलेला असताना मागे तासभर बसू देण्याची विनंती करावी आणि ती नाकारली गेल्यास कारण विचारावे. शाळा सुटल्यावर दाखवलेल्या चकचकीत खोलीवरून काहीच कळत नाही.

साधारण अडीच-तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात आहेत की नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर अशा खोल्या पाडल्या आहेत, हे आधी पाहावे; मॉन्टेसरीत वर्ग एकत्रच अपेक्षित असतो. या पद्धतीत मुलाला सलग कामासाठी साधारण ३ तास मिळावेत अशी अपेक्षा असते. ते दर अर्ध्या तासाला घंटा वाजवून तोडले जात असतील, तर नाव तेवढे मॉन्टेसरी आहे. गुलाबी मनोरा, म्हणजे मोठ्यावर लहान असे रचायचे ठोकळ्यांचे साहित्य, असेल तर त्याचे १० ठोकळे, १० सेंटिमीटरपासून १ सेंटिमीटरपर्यंतचे, मोजून घ्यावेत, कारण हरवतो तो बहुधा सर्वांत लहान ठोकळा, आणि तो पुन्हा आणला जातो की नाही यावरून शाळेची काळजी दिसते. साहित्य काचेच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर ते पालकांना दाखवण्यापुरते आहे असे खुशाल समजावे. एखादे मूल मनोरा चुकीचा रचत असताना बाई लगेच हात घालतात की मुलाला स्वतः चूक सुधारू देण्यासाठी थांबून पाहतात, याकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे. त्यांचे प्रशिक्षण किती महिन्यांचे होते आणि त्यात मुलांबरोबरचा प्रत्यक्ष सराव किती होता, हेही विचारावे. भिंतीवरच्या प्रमाणपत्राची चौकट पुरेशी नाही.

घरी अहिराणी बोलणारे मूल पहिल्या आठवड्यात ‘माले पानी दे’ म्हणाले, तर त्याला आधी पाणी मिळते की आधी इंग्रजी वाक्य पाठ करावे लागते, हा प्रश्न सरळ विचारावा. बोटाने गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरे देवनागरीतही आहेत का, तेही पाहावे. आयात साहित्याच्या नावाखाली शुल्क फुगवले जात असेल, तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात परिसरातल्या साध्या वस्तूच शिक्षणासाठी वापरल्या होत्या, हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा विचारात घ्यावा लागतो. पत्र्याच्या छताखालचा वर्ग जानेवारीत छान वाटतो. तो शक्यतो मार्चच्या दुपारी पाहावा, तसेच एप्रिलमध्ये शाळा किती वाजता सुटते आणि रिक्षात किती मुले बसवतात, हेही विचारून घ्यावे.

जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचे कार्ड यांच्या प्रती सोबत असाव्यात. पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पूर्ण लागत असल्याने तिथून मागे मोजून मूल या वर्गात पूर्ण तीन वर्षे राहू शकेल का, ते ठरवावे, आणि मध्येच शाळा सोडल्यास किती शुल्क परत मिळेल, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.