सुट्टी संपून शाळा सुरू होताना या चुका टाळा

मे महिन्यात घराघरांत एक वाक्य सारखे ऐकू येते: ‘शाळा सुरू होऊ दे, मग बघ.’ मूल दुपारी झोपत नाही, आमरसाचे हात भिंतीला पुसते, मोबाइल सोडत नाही, आणि वैतागलेली आई किंवा आजी हे वाक्य बोलून जाते. महिनाभर शाळेचे नाव शिक्षेसारखे घेतल्यावर जूनमध्ये तेच मूल आनंदाने वर्गात जाऊन बसेल, अशी अपेक्षा मात्र आपण ठेवतो. प्राथमिक वर्गांना शिकवताना दर वर्षी मला जाणवते की पालकांची तयारी वह्या, दप्तर आणि गणवेशाच्या खरेदीत पूर्ण होते, पण मुलाच्या झोपेची, पोटाची आणि मनाची तयारी शाळेच्या आदल्या रात्रीवर ढकलली जाते.

झोपेबाबतची चूक सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त घरांत होणारी आहे. सुट्टीत रात्री साडेअकराला झोपून सकाळी साडेआठला उठणाऱ्या मुलाला शाळेच्या आदल्या रात्री नऊ वाजता अंथरुणात ढकलले, तर त्याला झोप येत नाही. ते कूस बदलत राहते, आपण रागावतो आणि शाळेची पहिली रात्र रडण्यात जाते. झोपेची वेळ हुकमाने बदलत नाही, उठण्याची वेळ मात्र बदलता येते. म्हणून शाळा उघडण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून मुलाला रोज पंधरा-वीस मिनिटे लवकर उठवावे, उठल्याबरोबर गॅलरीत किंवा अंगणात उजेडात न्यावे आणि दुपारची लांब झोप बंद करावी. रात्रीची झोप आपोआप अलीकडे सरकते. सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याच्या सूचना दिल्या, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेही एक कारण होते. तयारी राहून गेली असेल आणि शाळा सुरूही झाली असेल, तर पहिल्या रविवारी ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणून दहा वाजेपर्यंत झोपू देऊ नये, कारण त्या एका सकाळी आठवड्याची घडी पुन्हा विस्कटते.

उशिरा उठण्याचा दुसरा परिणाम पोटावर होतो आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सकाळच्या घाईत शौचाला वेळ मिळत नाही, शाळेतील स्वच्छतागृहात जायला मूल लाजते किंवा घाबरते, आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. मग पोट दुखते, आणि घरी त्याला शाळा टाळण्याचे नाटक म्हटले जाते. माझ्या वर्गात पाण्याची बाटली जशीच्या तशी परत नेणारी दोन-तीन मुले तरी दर जूनमध्ये असतात. रोज भरलेली बाटली परत येत असेल, तर मुलाला न रागावता कारण विचारावे, सकाळी वीस मिनिटे मोकळी ठेवावीत आणि वर्गशिक्षकांच्या कानावर ही गोष्ट घालावी. भीतीमुळे दुखणारे पोटही खरोखरच दुखत असते, हेही लक्षात ठेवावे.

पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत, त्याचे लक्ष नसताना हळूच निघून जाणे ही चूक कृपा करून करू नका. ‘मी इथेच बाहेर बसलोय’ असे खोटे सांगितले, तर ते उघड झाल्यावर दुसऱ्या दिवशी मूल दारातच हात घट्ट धरून ठेवते. त्याऐवजी त्याला समजेल अशी खूण द्यावी, जसे ‘डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की घंटा वाजेल आणि आजोबा फाटकाशी असतील.’ मग निरोप थोडक्यात घ्यावा, आणि सांगितलेल्या वेळी आजोबा तिथे असायलाच हवेत.

दप्तराच्या वजनाकडे पहिल्या आठवड्यात विशेष लक्ष द्यावे, कारण वेळापत्रक पक्के नसल्यामुळे मुले सगळी पुस्तके घेऊन येतात. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. म्हणजे २५ किलो वजनाच्या मुलासाठी अडीच किलो, आणि त्यातील एक किलो तर एक लिटरच्या भरलेल्या बाटलीचेच होते. शाळेत पिण्याचे चांगले पाणी असेल, तर अर्ध्या लिटरची बाटली पुरते. गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तरी चालतो, बूट मात्र तसे घेऊ नयेत. सैल बुटांनी ओल्या जिन्यावर पाय घसरतो. पावसाळ्यात मोज्यांचा एक जादा जोड लागतोच.

पहिल्या चाचणीत पाढे अडखळले, वजाबाकीत हातचा चुकला किंवा जोडाक्षरे विसरलेली दिसली, की काही पालक लगेच शिकवणी लावतात. सुट्टीनंतर असे विसरणे स्वाभाविक आहे. करोनाकाळातील खंडानंतर २०२१ मध्ये राज्यातील शाळांत मागील इयत्तेच्या उजळणीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबवला गेला. दीड महिन्याच्या सुट्टीसाठी घरी रोज पंधरा मिनिटांची उजळणी दोन-तीन आठवडे केली, तरी बहुतेक मुलांना पुरते. याच कारणासाठी सुट्टीचा अभ्यास शेवटच्या दोन रात्रींत आईने लिहून देऊ नये. अपुरी वही मला चालते, कारण मूल कुठे अडले ते तिच्यातून दिसते. सुवाच्य अक्षरातील पूर्ण वही पाहून काहीच कळत नाही.

संध्याकाळी ‘आज काय शिकवलं?’ असे विचारल्यास ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. डबा कोणासोबत खाल्ला, शेजारी कोण बसले, असे विचारले तर मूल बोलू लागते, आणि कोणी चिडवत असेल किंवा फळ्यावरचे दिसत नसेल, तर तेही याच गप्पांतून बाहेर येते. दोन-तीन आठवड्यांनंतरही रोज रडणे, झोपेत दचकणे किंवा जेवण टाकणे चालू राहिले, तर आधी वर्गशिक्षकांना आणि नंतर बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

पहिल्या पावसाबरोबर सर्दी-तापाची साथही येते. नवे वर्ष आहे, हजेरी बुडायला नको, म्हणून तापाचे औषध पाजून मुलाला शाळेत पाठवले जाते. औषधाचा अंमल मधल्या सुट्टीपर्यंत उतरतो, मूल बाकावर डोके टेकते आणि तोपर्यंत शेजारच्या मुलांनाही संसर्ग होऊ शकतो. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही, तरच मुलाला शाळेत पाठवावे, आणि तोवर वर्गशिक्षकांना चिठ्ठीने किंवा फोनवर कळवून राहिलेला अभ्यास मागून घ्यावा.